शाळेच्या मैदानावर दिव्यांग मुलांना खेळात कसे घ्यावे

पीटीच्या तासाला वर्गातले दिव्यांग मूल बहुधा तीनपैकी एका जागी दिसते. ते झाडाखाली बसून इतरांची दप्तरे सांभाळत असते, वहीत गुण लिहीत असते, किंवा खेळात असलेच तर ‘कच्चा लिंबू’ म्हणून असते. हा तिसरा प्रकार पाहणाऱ्याला बरा वाटतो, पण कच्चा लिंबू आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो पळाला काय किंवा थांबला काय, डावावर काहीच परिणाम होत नाही. वाड्यातल्या चार वर्षांच्या भावंडापुरती ही सवलत ठीक आहे. आठवीतल्या मुलाला मात्र आपण खेळात धरलेलो नाही हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. म्हणून पुढे सुचवलेल्या प्रत्येक बदलाला एकच कसोटी लावावी: हे मूल आता खरोखर आऊट होऊ शकते का, आणि त्याच्या खेळामुळे संघ हरू किंवा जिंकू शकतो का?

मुलाला खेळात घेणे ही शाळेची मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 या कायद्याच्या सोळाव्या कलमात शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबरच क्रीडा व करमणुकीच्या संधीही इतरांच्या बरोबरीने द्याव्यात, असे म्हटले आहे. या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरलेले आहेत, त्यामुळे ज्यांचे दिव्यांगत्व नजरेला दिसत नाही अशी मुलेही यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 5 ते 17 वर्षांच्या दिव्यांग मुलांसाठीही दिवसाला सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवलेली आहे, म्हणजे इतर मुलांना जेवढी, तेवढीच. आठवड्यातले पीटीचे दोन तास झाडाखाली गेले तर हा हिशेब कुठून जमणार, याचा विचार मुख्याध्यापकांनीही करायला हवा.

आधी विचारावे, मग ठरवावे

सत्राच्या सुरुवातीला मुलाशी आणि त्याच्या पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे. मुलाला ‘तुला काय जमत नाही’ असे न विचारता, गल्लीत किंवा घरी तू काय खेळतोस, कोणाबरोबर खेळतोस आणि कोणता खेळ खेळावासा वाटतो, असे विचारावे. पुष्कळदा शाळेत कोपऱ्यात बसणारा मुलगा घराच्या गच्चीवर चुलत भावंडांबरोबर मनसोक्त क्रिकेट खेळत असतो, आणि त्या भावंडांनी केलेले नियमच शाळेतही लागू करता येतात. पालकांची भीती वेगळी असते. मूल पडेल, लागेल, कोणी हसेल, या काळजीने ते ‘आमच्या बाळाला पीटी नको’ अशी चिठ्ठी देतात. अशा वेळी वाद न घालता त्यांना एकदा तासाला बोलवावे आणि मूल खेळताना त्यांना दाखवावे. समजावण्याचे काम मग बरेच हलके होते.

प्रकृतीची माहिती मात्र नीट लिहून घ्यावी, कारण काही गोष्टींत अंदाजाने चालत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय त्यांना कोलांटी उडी, शीर्षासन किंवा पाण्यात सूर मारणे शिकवू नये. चालण्यात अचानक बदल दिसला, मान दुखू लागली, हातातली पकड सुटू लागली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर खेळ तिथेच थांबवावा. यातल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोषही असतो, तेव्हा त्याची चौकशी वेगळी करावी. फिट येणाऱ्या मुलाला पोहताना किंवा उंचावर चढताना त्याच्या एकट्यावर लक्ष ठेवणारे माणूस हवेच. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या मुलाला इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही. विदर्भातल्या मार्च-एप्रिलमध्ये अशा मुलासाठी सावली, ओला टॉवेल आणि पाण्याचा फवारा जवळ ठेवावा. ड्युशेन प्रकारचा स्नायूविकार असलेल्या मुलाला ‘अजून एक फेरी’ म्हणून दमवू नये, कारण अतिश्रमाने त्याच्या स्नायूंची झीज वाढते.

एक लहानशी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. हलका आणि सावकाश उडणारा म्हणून अशा तासांना फुगा सर्रास वापरला जातो, पण स्पायना बिफिडा, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला, असलेल्या मुलांमध्ये लॅटेक्सच्या रबराची ॲलर्जी बरीच आढळते, आणि साधा फुगा लॅटेक्सचाच असतो. अशा वेळी समुद्रावर खेळतात तो हवा भरायचा प्लॅस्टिकचा मोठा चेंडू घ्यावा.

चार ठिकाणी बदल: जागा, काम, साहित्य, माणसे

खेळ जमत नसेल तर तो सोडून देण्याआधी चार ठिकाणी फेरफार करून पाहावा. जागा लहान-मोठी करता येते, करायचे काम सोपे-अवघड करता येते, साहित्य बदलता येते आणि कोण कोणाबरोबर खेळणार हे बदलता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कशाने फरक पडला ते कळते. लगोरीचे उदाहरण घेऊ, कारण हा खेळ या कामाला फार सोयीचा आहे आणि त्याला खर्चही नाही.

समजा, वर्गात एक मुलगी व्हीलचेअर वापरते, एका मुलाला अजिबात दिसत नाही आणि बाकीची तीस मुले आहेत. लगोरी जमिनीवर न रचता बाकावर रचावी, म्हणजे बसल्या जागेवरून हात पोचतो. फरशीच्या तुकड्यांऐवजी पत्र्याचे रिकामे डबे घ्यावेत. मोठा डबा खाली, लहान वर अशी उतरंड हाताने चाचपून लावता येते, आणि चेंडू लागल्यावर डबे असे खणखणत कोसळतात की न पाहणाऱ्यालाही नेम लागल्याचे कळते. चेंडू कापडी घ्यावा. आवाज हवा असेल तर तो किराण्याच्या कुरकुरणाऱ्या पिशवीत घालून गाठ मारावी किंवा शिवताना आत घुंगरू घालावेत. नेम धरणाऱ्या अंध मुलासाठी संघातल्या एकाने डब्यावर काठीने दोनदा ठोकावे आणि बाजूला व्हावे, एवढी दिशा पुरते. नेम मारण्याची रेषा सर्वांना एकच नसावी. फक्कीने तीन रेषा आखाव्यात आणि ज्याने त्याने आपली निवडावी. सराईत मुले आपणहून लांबची रेषा धरतात, कारण जवळून मारण्यात त्यांना कमीपणा वाटतो.

आता आऊट होण्याचा प्रश्न. व्हीलचेअरवरच्या मुलीला लगोरी रचताना चेंडू मारायचा की नाही, यावर मुले थबकतात. नियम आधीच स्पष्ट करावा: तिच्या चाकाला चेंडू लागला तर ती आऊट, इतरांच्या गुडघ्याखाली लागला तर ते आऊट. अंध खेळाडूला मारताना आधी त्याचे नाव मोठ्याने घ्यावे लागेल, म्हणजे त्याला हुकवण्याची संधी मिळते. दोन-तीन डाव झाल्यावर पाहावे. ती मुलगी प्रत्येक वेळी पहिल्याच चेंडूवर बाद होत असेल तर क्षेत्ररक्षकांना पाच पावले मागे घ्यावे, आणि ती कधीच बाद होत नसेल तर सवलत जास्त झाली आहे, ती काढून घ्यावी. सवलत काढून घेण्याचे धाडस शिक्षकांना कठीण जाते, असा माझा अनुभव आहे. मुलांना ते मुळीच जड जात नाही.

आऊट झालेल्याला बसवू नये

ज्या खेळात आऊट झालेला बाजूला बसतो, त्यात हळू चालणारे मूल सर्वांत आधी बसते, म्हणजे ज्याला व्यायामाची गरज जास्त त्याला तो सर्वांत कमी मिळतो. यावरचा उपाय आपल्याकडे विषामृताच्या रूपाने आधीपासूनच आहे. विष लागलेला जागच्या जागी थिजतो आणि अमृत देणारा त्याला पुन्हा खेळात आणतो, त्यामुळे कोणीही बाहेर जात नाही. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी हा खेळ आरंभाला उत्तम, कारण नियम दोनच आहेत आणि ते करून दाखवता येतात. अशा मुलांना सूचना एका वेळी एकच द्यावी, ती शब्दांत देण्याबरोबर कृतीने दाखवावी, आणि मागच्या तासाचाच खेळ पुढच्या दोन-तीन तासांना ठेवावा.

संघ पाडण्याची रीतही बदलावी. दोन कप्तान उभे करून आळीपाळीने मुले निवडायला सांगितली की शेवटी कोण उरणार हे सगळ्यांना ठाऊक असते. हजेरीपटातले सम-विषम क्रमांक किंवा चिठ्ठ्या यांनी हे काम अर्ध्या मिनिटात होते.

स्वमग्न मुलांना बऱ्याचदा खेळापेक्षा त्याभोवतीचा गोंगाट सोसत नाही. जवळून वाजलेली शिट्टी, एकदम अंगावर येणारा घोळका, अचानक बदललेला कार्यक्रम यांनी ते मूल कानांवर हात ठेवून मैदानाबाहेर पळते आणि ‘त्याला खेळायचेच नाही’ असा निष्कर्ष निघतो. शिट्टीऐवजी हात वर करण्याची खूण ठरवावी, तासात काय काय होणार त्याची चार चित्रे पुठ्ठ्यावर क्रमाने लावावीत, आणि दमल्यावर जाऊन बसायची एक शांत जागा आधीच दाखवून ठेवावी.

न ऐकू येणारे आणि न दिसणारे खेळाडू

खो-खोत खो देताना पाठीला हात लावावा लागतो आणि ‘खो’ मोठ्याने म्हणावाही लागतो. स्पर्शामुळे कर्णबधिर मुलाला आणि उच्चारामुळे अंध मुलाला खो मिळाल्याचे कळते, म्हणजे बसून खो घेण्यापर्यंतचा भाग कोणताही नियम न बदलता जमतो. पाठलागासाठी मात्र अंध मुलाचा हात धरून पळणारा जोडीदार द्यावा लागतो. कर्णबधिर मुलांसाठी शिट्टीबरोबर रंगीत झेंडा वापरावा, फळ्याकडे किंवा मैदानाकडे तोंड करून सूचना देऊ नयेत, आणि उभे राहताना ऊन शिक्षकाच्या तोंडावर येईल असे उभे राहावे. ऊन मुलाच्या डोळ्यांवर आले तर त्याला ओठ आणि खुणा दिसत नाहीत. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवलेले ऐकण्याचे यंत्र, असलेल्या मुलाच्या यंत्राचा बाहेरचा भाग कबड्डी-कुस्तीसारख्या अंगलटीच्या खेळाआधी काढून डबीत ठेवावा, आणि तो काढल्यावर त्याला काही ऐकू येणार नाही हे संघातल्या सगळ्यांना सांगावे.

अंध मुलाला पळायला शिकवायचे तर दोन्ही टोकांना फासा असलेली हातभर लांबीची दोरी पुरते. एक फासा त्याच्या हातात आणि दुसरा जोडीदाराच्या हातात असावा; जोडीदाराने ओढू नये, फक्त बरोबरीने पळावे आणि वळण, खड्डा, शेवटची रेषा तोंडाने सांगत राहावे. जोडीदार त्याच्यापेक्षा थोडा वेगवान हवा, नाहीतर अंध मुलालाच पाय आवरता घ्यावा लागतो. अंधांच्या क्रिकेटमध्ये छर्रे भरलेला प्लॅस्टिकचा चेंडू खालून, सरपटत टाकतात. गोलंदाज आधी ‘रेडी’ विचारतो, फलंदाज ‘येस’ म्हणतो आणि ‘प्ले’ म्हणून चेंडू सुटतो. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट धरतात. हे नियम शाळेच्या संघाला जसेच्या तसे उचलता येतात, आणि डोळस मुलांनाही पट्टी बांधून खेळवले तर खेळाची रंगत वाढते.

मल्लखांबाकडे या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही, पण अंध मुलांना तो फार सोयीचा आहे, कारण खांब किंवा दोरी सतत अंगाशी असते आणि शोधायला काही उरत नाही. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी दिव्यांगांनाही मल्लखांब शिकवला. त्यांना 2024 साली पद्मश्री जाहीर झाली. शिकवताना मुलाची परवानगी घेऊन त्याच्या हातापायाला पकड लावून द्यावी, किंवा शिक्षकाने घेतलेली पकड त्याला हाताने चाचपू द्यावी.

व्हीलचेअर आणि मैदान

आपल्या शाळांची मैदाने मातीची आणि मुलांच्या व्हीलचेअर दवाखान्यातल्या घडीच्या, असा हा जोड असतो. पुढची लहान चाके भुसभुशीत मातीत रुततात, म्हणून मऊ जागेवरून नेताना खुर्ची मागे कलवून मागच्या मोठ्या चाकांवर, उलट दिशेने ओढत न्यावी. खेळासाठी प्रार्थनेचा कोबा, सभागृहाची फरशी किंवा पाणी मारून रोलर फिरवलेली जागा निवडावी. अशी खुर्ची झटकन वळवण्यासाठी बनलेली नसते आणि वेगात मागे उलटू शकते, तेव्हा तिच्यावर बसून धावाधावीचे खेळ खेळताना कमरेला पट्टा बांधावा आणि चढउतार टाळावेत. पाय ठेवायच्या पट्ट्या इतरांच्या नडग्यांना नेमक्या लागतात. त्यांना जुन्या गादीचा स्पंज गुंडाळावा. चेंडू फेकण्याच्या वेळी ब्रेक लावलेला असावा, खेळून झाल्यावर बसण्याच्या जागी कातडी लाल झाली आहे का, हे ज्याला तिथे स्पर्श कळत नाही त्या मुलाने किंवा घरच्यांनी रोज पाहावे, आणि मुलाला न विचारता कोणीही खुर्ची ढकलू नये.

हातापायांची हालचाल फारच मर्यादित असलेल्या, विशेषतः सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणे) असलेल्या मुलांसाठी बोचिया हा खेळ शाळेत जरूर आणावा. तो 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा असे तेरा चेंडू असतात. पांढरा आधी टाकायचा आणि मग आपले चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचे, एवढाच खेळ, पण त्यात गोट्यांसारखी टिपण्याची आणि बुद्धिबळासारखी अडवण्याची मजा आहे. खरे मैदान 12.5 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद असते. शाळेचा व्हरांडाही चालतो. चेंडूचे वजन साधारण 275 ग्रॅम असते. जाड पायमोज्यात ज्वारी भरून किराण्याच्या काट्यावर तोलली तर वजन आणि आकार दोन्ही जवळपास जमतात, मात्र हे चेंडू झाकणाच्या डब्यात ठेवावेत, नाहीतर पुढच्या आठवड्यापर्यंत उंदरांनी त्यांचा निकाल लावलेला असतो. ज्या मुलाला चेंडू धरताही येत नाही, त्याच्यासाठी चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ करावी आणि तिच्यावरून चेंडू सोडावा. पन्हळ हलवणाऱ्या मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचे असते, हा मूळ खेळातलाच नियम आहे आणि तो कसोशीने पाळावा. दिशा, उंची, सोडण्याची वेळ हे सगळे खेळाडूने डोळ्यांनी, मानेने किंवा शब्दांनी सांगायचे, मदतनिसाने फक्त ऐकायचे.

क्रीडादिन आणि त्यापुढे

वार्षिक क्रीडादिनाला एकट्या दिव्यांग मुलाची शर्यत लावून, त्याला टाळ्या आणि बक्षीस देण्याचा प्रकार बंद करावा. त्या मुलाला आपण कोणाला हरवले हे ठाऊक असते, म्हणजे कोणालाच नाही. त्याऐवजी आधीच्या तासांना सर्वांची वेळ घेऊन ठेवावी आणि शर्यतीत प्रत्येकाची सुरुवातीची रेषा त्यानुसार मागेपुढे आखावी, म्हणजे शेवटच्या दहा मीटरमध्ये खरी चुरस होते. रिलेमध्ये दिव्यांग खेळाडूचा टप्पा छोटा ठेवता येतो.

एखाद्या मुलात स्पर्धेची चमक दिसली तर वाट कुठून जाते हे शिक्षकाला माहीत हवे. शारीरिक दिव्यांगत्व, दृष्टिदोष आणि बौद्धिक दिव्यांगत्व यांच्यासाठी पॅरा स्पर्धा आहेत. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्थाही आहे आणि तिच्या ‘युनिफाइड’ प्रकारात दिव्यांग व अदिव्यांग खेळाडू एकाच संघातून खेळतात. कर्णबधिरांची वाट वेगळी आहे, कारण ते पॅरालिम्पिकमध्ये नसतात. त्यांची डेफलिम्पिक्स ही स्पर्धा 1924 पासून चालू आहे. भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक 1972 साली हायडेलबर्गला मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात मिळवून दिले, आणि 2024 साली पॅरिसमध्ये गोळाफेकीच्या एफ 46 गटात 16.32 मीटरची फेक करून सचिन खिलारी यांनी रौप्यपदक मिळवले. दोघेही सांगली जिल्ह्यातले. मुलांना ही नावे सांगताना ‘एफ 46’ म्हणजे काय हेही सांगावे: एफ म्हणजे फेकीचा प्रकार आणि 46 हा हाताचे दिव्यांगत्व असलेल्या, उभे राहून फेकणाऱ्या खेळाडूंचा गट.

पॅरा स्पर्धांत कोणाला कोणत्या गटात खेळवायचे हे तपासणी करून ठरवतात आणि त्याला वर्गीकरण म्हणतात. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि हे वर्गीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र असूनही एखाद्या खेळापुरते मूल अपात्र ठरू शकते, याची कल्पना त्याला आणि पालकांना आधीच द्यावी. तपासणीला जाताना वैद्यकीय कागदपत्रे, असल्यास यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र), आणि मूल खेळताना जे वापरते तेच कॅलिपर, कृत्रिम पाय, पट्टे किंवा चष्मा बरोबर न्यावा, नवे साहित्य त्या दिवशी पहिल्यांदा लावू नये, आणि मुलाला आपली नेहमीची पूर्ण ताकद लावायला सांगावे, कारण ताकद राखून ठेवल्याचे तपासनिसांच्या लक्षात आले तर खेळाडूवर कारवाई होते.